वायकिंगांना बटाटा ठाऊक नव्हता

माणसाने छातीवर बिल्ला लावून घेऊ नये. घेतलाच, तर तो आधी बायकोला दाखवावा. मी दोन्हीकडे चुकलो.

आयर्लंडमधल्या आमच्या बॅलीमोर गावात दर ऑगस्टमध्ये समुद्राकाठच्या पडक्या किल्ल्यात वायकिंग जत्रा भरते. जत्रा सहकुटुंब पाहण्याजोगी असल्यामुळे वायकिंग होडीतून येतात, लुटालूट करतात आणि लुटलेलं सगळं चहाच्या वेळेआधी परत देतात. मुलांना स्पंजच्या तलवारी मिळतात. त्यांनी बडवलं की वायकिंगाने मरायचं, असा रिवाज आहे. (मी कितीतरी वर्षं मेलो. त्यात गुडघे गेले.) म्हणून यंदा अध्यक्ष मॅलकीने विचारलं, "फिनबार, काळरक्षक होतोस का?" तेव्हा मी पडत्या फळाची आज्ञा समजून हो म्हटलं. वायकिंगांच्या काळानंतरची कुठलीही गोष्ट किल्ल्यात दिसू द्यायची नाही, एवढंच काम. मरायचं नाही, वर बिल्ला मिळणार.

बैठकीत मला चेव चढला. घड्याळं नकोत, प्लास्टिक नको, इथवर ठीक होतं. पण मी पुढे म्हणालो, की चुलीवरच्या हंड्यांतही टोमॅटो, मका, बटाटा नको, कारण हे सगळं अमेरिकेतून फार उशिरा आलं. (वायकिंग अमेरिकेला जाऊन आले होते म्हणतात. पण बटाटे आणायला विसरले.) टाळ्या पडल्या. घरी जाताना अर्ध्या वाटेत मला माझी बायको आठवली.

जत्रेत चुलीवरच्या स्वयंपाकाची स्पर्धा असते आणि पहिल्या नंबराला एक लाकडी ढाल मिळते. ती ढाल दरवर्षी आमची शेजारीण कन्सेप्टा डॉईल नेते आणि बरोब्बर आमच्या स्वयंपाकघरासमोरच्या खिडकीत टांगते. माझी नोरीन भांडी घासताना रोज ती ढाल बघते. यंदा ढाल आणायचीच म्हणून तिने मटणाच्या स्ट्यूसाठी परसात खास बटाटे लावले होते. त्यांना ती पोटच्या पोरांसारखं जपत होती. आता अशा बाईला तो नियम कोण सांगणार? आज सांगतो, उद्या सांगतो करता करता ऑगस्ट उजाडला. हंडीत कोण डोकावतंय, असं म्हणून मी स्वतःची समजूत घातली.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून माझं डोकं उठलं. एका आजोबांचा चष्मा उतरवला, तर ते तंबूच्या दोरीत अडकून तंबूसकट खाली आले. एका बाईला बाबागाडी बाहेर ठेवायला लावली, तर तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि ती लोकरीची दुकानं बघायला गेली. डिनीची गरमागरम बटाटा-चिप्सची गाडी मी वेशीबाहेर काढली. डिनीची नजर मला आवडली नाही. त्यातच ओहोटी लागून वायकिंगांची होडी चिखलात रुतली. स्पंजच्या तलवारी घेतलेली गावभरची कार्टी बडवायला कुणी नाही म्हणून अंगणात नुसती घुमत होती.

तेवढ्यात कन्सेप्टा आली. तिच्या हंडीत सलगम आणि कांदे, सगळं नियमात.

"साहेब," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "दुसऱ्यांचे चष्मे काढता. घरच्या हंडीत कधी डोकावलात का?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. बाळ काखेत घेऊन मी नोरीनच्या चुलीपाशी गेलो आणि कुजबुजलो, की जरा तेवढे बटाटे बाजूला काढतेस का. नोरीनने पळी खाली ठेवली. असला नियम कुणी केला, असं तिने शांतपणे विचारलं. कमिटीने, मी म्हणालो. तेव्हा मॅलकी मागून कौतुकाने म्हणाला, "अगं, कमिटीला कुठलं एवढं सुचायला? फिनबारनेच सुचवला. मार्चमध्येच."

"मार्चमध्ये," नोरीन म्हणाली. "मी बटाटे लावले तेव्हा."

माझ्या काखेतलं बाळ रडू लागलं. मलाही तेच करावंसं वाटत होतं.

"म्हणजे वायकिंगांच्या नंतर आलेलं सगळं बाहेर. बरोबर?"

"नियम म्हणजे नियम," मी म्हणालो. (हे मी का म्हणालो, ते मला अजून कळलेलं नाही.)

नोरीनने पळी उचलून समोरच्या बुरुजाकडे रोखली. "हा किल्ला कुणी बांधला?"

गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "नॉर्मन लोकांनी," मी पुटपुटलो.

"वायकिंगांच्या आधी की नंतर?"

"नंतर. बऱ्याच नंतर."

"मग आधी तो काढ. आणि नॉर्मनांबरोबर गलबतातून आणखी कोण उतरलं? तुम्ही रॉसिटर लोक उतरलात. तुझेच खापरपणजोबा. माझं माहेर किन्सेला. आम्ही वायकिंग यायच्या आधीपासून इथेच आहोत. कन्सेप्टा तर डॉईल, ती वायकिंगांचीच औलाद."

"अस्सल," कन्सेप्टा म्हणाली. या दोघींचं माझ्या हयातीत पहिल्यांदाच एकमत झालं.

"तेव्हा इथे नंतर आलेला तू आहेस," नोरीन म्हणाली आणि पोरांकडे वळली. "मुलांनो, हा नॉर्मन आहे."

एवढं पुरलं. बाळ लोकरीच्या दुकानात त्याच्या आईकडे न फेकता कसंबसं पोचवलं आणि मी धूम ठोकली. नॉर्मन हेही मुळात वायकिंगच होते, असा बिनतोड मुद्दा माझ्यापाशी होता, पण पळता पळता तो मांडणं जमत नाही. स्पंज लागत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी माझी पाठ बघावी. वेशीबाहेर डिनीच्या गाडीला टेकून मी धापा टाकत होतो, तेव्हा आत टाळ्यांचा कडकडाट चालला होता.

कमिटीने यंदाची ढाल नोरीनला दिली. स्ट्यूसाठी नव्हे, 'मुलांसाठीचा उत्कृष्ट कार्यक्रम' म्हणून. नॉर्मन हाकलण्याचा कार्यक्रम आता दरवर्षी ठेवायचा, असं कमिटीने एकमताने ठरवलं आहे. ढाल आमच्या खिडकीत, कन्सेप्टाच्या स्वयंपाकघराकडे तोंड करून आहे. स्ट्यू रोज होतो, पण त्यातले बटाटे सगळ्यांच्या ताटात जातात आणि माझ्या ताटात सलगम येतं. नियम म्हणजे नियम, असं नोरीन म्हणते.

शुक्रवारी न राहवून मी चोरासारखा डिनीच्या गाडीवर गेलो आणि चिप्स मागितल्या. डिनीने माझ्याकडे बघितलं, झारा बाजूला ठेवला.

"नोरीनचा फोन आला होता," तो म्हणाला. "तळलेला कांदा देऊ का? तो वायकिंगांना चालायचा."