म्हशीच्या कानी रेपेन्स

"लॅटिन म्हंजी काय, दोन धारांचं काम!" घोडनदीच्या कॉलेजातला शिपाई भिमाजी छाती फुगवून म्हणाला.

साल सत्त्याण्णव. वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची जागा निघाली होती आणि भिमाजीला ती काहीही करून हवी होती. वीस वर्षे काचेच्या बाटल्या धुऊन त्याचा जीव विटला होता. विभागप्रमुख साधना मॅडमनी बजावले होते, "झाडांच्या लॅटिन नावांत येणारं एक धातुसाधित विशेषण पाठ करून या. 'रेपेन्स'. अर्थ विचारीन, सगळ्या विभक्त्याही विचारीन."

वडगाव रासाईहून रोज एस.टी.ने येणाऱ्या माणसाला अभ्यासाला वेळ कुठला? त्याने तो पहाटे म्हशीखाली बसून काढला. एक धार, एक रूप. रेपेन्स, रेपेन्टिस, रेपेन्टी, रेपेन्टेम! पंधरा दिवसांत पाच विभक्त्यांची, दोन्ही वचनांतली दहाही रूपे पाठ झाली. म्हैसही कान टवकारून ऐकायची, तिची शिकवणी फुकटात!

मुलाखतीच्या दिवशी तो पहिल्या गाडीने गेला आणि धार काढायला त्याची बायको अनसाबाई बसली.

कॉलेजचा एकुलता एक फोन प्राचार्यांच्या टेबलावर आणि मुलाखतही तिथेच. मॅडमनी विचारले, "रेपेन्सचे अर्थ?"

"सरपटत जाणारा. जमिनीवर पसरणाऱ्या वेलींच्या नावात येतो. आन् दुसरा अर्थ, एकाएकी!"

"छान. आता विभक्त्या."

हात मांडीवर ठेवून बसलेल्या भिमाजीचे तोंड उघडेना. रेपेन्सच्या पुढे सगळे कोरे! पुन्हा बाटल्याच धुवायच्या, या विचाराने त्याला रडू फुटायचे तेवढे बाकी होते.

तेवढ्यात फोन वाजला. मॅडमनी ऐकला आणि गोंधळून त्याच्याच हातात दिला.

"आवं, सकाळधरनं म्हस पान्हा सोडंना! लाथा झाडतीया, कास तटतटलीय. तुमचं त्ये रोजचं म्हना! शेजारच्या खंडूआप्पांचा फोन खिडकीतनं गोठ्यात घेतलाय, तिच्या कानाला लावती!"

"अगं, मी मुलाखतीत हाय!"

"मंग म्हशीला काय सांगू?"

भिमाजीने रिसीव्हर मानेत धरला. दोन्ही मुठी आपोआप हवेत खालीवर होऊ लागल्या आणि तोंड सुटले! एकवचन झाले, अनेकवचन झाले, शेवटचे रेपेन्टिबुस तर खणखणीत. पलीकडून अनसाबाई ओरडली, "सोडला गं बाई!"

मॅडमनी हसता हसता डोळे पुसले आणि जागा त्यालाच दिली.

नव्या जागेवर सातला हजर राहावे लागे, म्हणून धारा कायमच्या अनसाबाईकडे गेल्या. दोन महिन्यांनी मॅडम भर वर्गात कौतुकाने म्हणाल्या, "भिमाजी, रेपेन्स म्हणून दाखवा बरं!"

भिमाजीने डोके खाजवले. मुठीही हलवून पाहिल्या.

"मॅडम, जरा घरी फोन लावू का? आता त्ये आमच्या मंडळींना पाठ हाय."