मुक्या रेषापंचाची आरोळी

"सामन्याच्या निर्णायक क्षणी प्रेक्षकांतील एका व्यक्तीने 'आउट' अशी आरोळी हेतुपुरस्सर ठोकून खेळात व्यत्यय आणला. स्पर्धेची ध्वनियंत्रणा निर्दोष असून तिच्याविषयी शंका घेण्यास वाव नाही."

हे टेनिस स्पर्धेच्या संयोजकांचे निवेदन. वाचकहो, मी तर्कशास्त्र शिकवतो. असली वाक्ये चहा निवायच्या आत उसवून त्यांचे दोरे वेगळे करून दाखवणे हा माझा व्यवसाय आहे आणि, खाजगीत सांगतो, व्यसनही. तर पाहा. 'एका व्यक्तीने' म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. 'आरोळी ठोकून' म्हणजे ज्या गळ्यातून शस्त्रक्रियेनंतर फुंकरीपलीकडे काही निघालेले नाही, असे आम्ही समजत होतो, त्या गळ्यातून. 'हेतुपुरस्सर' हा शब्द त्यांना एक प्रश्नही विचारण्यापूर्वी कागदावर उतरलेला होता. म्हणजे हेतू आधी सापडला आणि माणूस मागाहून. राहिले 'शंका घेण्यास वाव नाही'. हे वाक्य ज्याने लिहिले, त्याच्या घरी शंकेला स्वतंत्र खोली असते आणि तिला बाहेरून कडी असते.

माझे सासरे निवृत्त रेषापंच. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून, मैदानाच्या एका पांढऱ्या रेषेकडे बघत राहायचे आणि चेंडू तिच्यापलीकडे पडला की 'आउट' म्हणायचे, हे त्यांचे आयुष्य. एकाच शब्दावर हयातभर पोट भरणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही. आमच्या विद्यापीठातसुद्धा निदान तीनचार लागतात.

पुढे कॅमेरे आले आणि चेंडू आत की बाहेर हे यंत्र ठरवू लागले. पण कॅमेऱ्याला गळा नसतो. म्हणून टेनिस संघटनेने सासऱ्यांना भिंतींना गाद्या ठोकलेल्या एका खोलीत बसवून त्यांच्याकडून दिवसभर 'आउट' वदवून घेतले. चेंडू हातभर बाहेर असेल तर शांतपणे, केसभर असेल तर कडाडून, आणि मधल्या साऱ्या पायऱ्यांनी. आवाज काढून झाल्यावर त्यांना एक आजीव प्रवेशपत्र दिले आणि घरी पाठवले. त्यांच्या जागी त्यांचाच आवाज रुजू झाला. नोकरी गेलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. नोकरीवर राहिलेला आवाज आणि घरी बसलेला माणूस, अशी वाटणी प्रथमच पाहिली.

त्यानंतर त्यांच्या स्वरयंत्रावर गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. विश्रांतीने आवाज परत येईल, असे डॉक्टर म्हणाले. तो काही आमच्या कानी आला नाही. सासरे मानेने हो-नाही करू लागले आणि घराला त्याची सवय झाली.

पत्नी मात्र दर वर्षी त्यांच्याबरोबर सामन्याला जाते. तिला गुण कसे मोजतात हेही कळत नाही. एकदा तिने मला, वडिलांना न सांगण्याच्या अटीवर, खरे कारण सांगितले: बाबांचा आवाज आता फक्त तिथेच ऐकू येतो. ती त्यांच्या शेजारी डोळे मिटून बसते. मुलगी पेंगते आहे असे समजून ते तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून टोपी धरतात.

या वर्षी मीही गेलो. टेनिस हा प्रकार विचारी माणसाला एका बैठकीत समजण्याजोगा आहे, असे मी निघताना म्हणालो होतो. पत्नीने चपला घातल्या. सासरे बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

स्त्रियांचा सामना होता. एक उंच, एक डावखुरी. चेंडू उडवण्यापूर्वी सगळे स्टेडियम असे गप्प होई, की मागच्या रांगेतल्या गृहस्थाच्या पोटातली गुरगुर मला स्पष्ट ऐकू येत होती. मग फटका. मग त्या शांततेत, छताच्या कडेवरून, पाठीमागून, खुर्च्यांखालून, सगळीकडून एकदम माझ्या सासऱ्यांचा आवाज: "आउट."

आणि सासरे माझ्या शेजारी, ओठ मिटून, चष्मा पुसत बसलेले.

गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला तर आपल्या भाषेत त्याला नाव आहे. शेजारी बसलेल्या माणसाचा आवाज आकाशातून येतो तेव्हा काय म्हणावे, याची सोय आपल्या पूर्वजांनी केलेली नाही. माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. मी ते हाताने बसवले.

मग माझे लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेले. प्रत्येक 'आउट'बरोबर त्यांची बोटे गुडघ्यावरून किंचित उचलली जात. सवय, मी स्वतःला समजावले. रेषापंच हात आडवा करून खूण करतो, त्याचा हा अवशेष. स्पष्टीकरण उत्तम होते. पण थोड्या वेळाने मला दिसले, की बोटे आधी उचलली जात होती आणि आवाज नंतर येत होता. बोटे उठली, की वरून आज्ञा पाळल्यासारखा 'आउट'. एकदा बोटे उठली आणि आवाज आला नाही. तेव्हा सासऱ्यांनी मान वळवून लाउडस्पीकरकडे असे पाहिले, की एखाद्या हाताखालच्या माणसाने तेथल्या तेथे राजीनामा दिला असता.

उंच मुलीचा मॅच पॉइंट आला. हा गुण तिने घेतला की सामना संपणार. तिने चेंडू मागच्या रेषेवर खोल मारला, डावखुरी त्याच्यामागे धावली, तिच्याबरोबर माझीही मान वळली, आणि आरोळी आली: "आउट!"

डावखुरी थांबली आणि तिने आनंदाने मूठ आवळली. उंच मुलगी मुख्य पंचांकडे पाहू लागली. पंच आपल्या समोरच्या पडद्याकडे पाहू लागले. पडद्यावर काही नव्हते. यंत्राच्या मते चेंडू आत होता आणि यंत्र काहीच बोललेले नव्हते. पंचांनी कानावरचे यंत्र काढून उलटसुलट पाहिले. गुण पुन्हा खेळायचा की उंच मुलीला द्यायचा, यावर जाळ्याजवळ वाद पेटला. त्याच वेळी आमच्या पुढच्या रांगेतल्या माना, एकेक करून, सावकाश, आमच्याकडे वळल्या.

सुरक्षाप्रमुख आले. त्यांचा काही गैरसमज होऊ नये म्हणून पत्नी पुढे झाली आणि नम्रपणे म्हणाली, "अहो, हा माझ्या बाबांचाच आवाज आहे."

यंत्रातला आवाज, असे तिला म्हणायचे होते. प्रमुखांनी वॉकीटॉकी तोंडाशी नेली आणि ओरडणारा सापडला, मुलीने कबूल केले, असे कळवून टाकले.

मला राहवले नाही. आवाज त्यांचा असला तरी उच्चार त्यांचा नाही, हा भेद मी प्रमुखांना उदाहरणांसह समजावून दिला. मग उच्चार कोणाचा, असे त्यांनी विचारले. वस्तुतः संघटनेचा, असे मी उत्तर दिले. प्रमुखांनी पुन्हा वॉकीटॉकी उचलली आणि दबक्या स्वरात म्हणाले, "साहेब, एकटा नाही. मागे संघटना आहे."

आमची वरात प्रेक्षागाराखालच्या एका खोलीत गेली. गुंडाळलेली जाळी, पंचांच्या मिटलेल्या छत्र्या, लोखंडी खुर्च्या. डोक्यावर हजारो पाय. टाळ्या पडल्या की छतातून बारीक धूळ गळत होती. स्पर्धेच्या संचालिकाबाई निवेदन तयार करूनच आल्या होत्या. आरंभी दिले ते हेच. ते वाचून दाखवून त्यांनी शिक्षा सांगितली: सासऱ्यांना स्टेडियममध्ये कायमची बंदी.

पत्नी उभी राहिली. इतकी वर्षे जपलेली गोष्ट तिने वडिलांसमोर, परक्या माणसांत, एका दमात सांगून टाकली. "बाई, मला टेनिस कळत नाही. मी बाबांचा आवाज ऐकायला येते. घरी तो नाही. तुम्ही दार बंद केलंत तर मला तो कुठेच नाही."

सासरे तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी एक बोट वर केले. मी त्यांचा हात हळूच खाली दाबला आणि म्हणालो, "बाबा, तुम्ही घशाला त्रास देऊ नका. मी आहे."

पुरावा म्हणून ध्वनितंत्रज्ञाला बोलावले होते. गळ्यात कायम हेडफोन असल्यामुळे सगळे त्याला हेडफोनराव म्हणत. त्याने यंत्रातल्या आरोळ्या एकामागून एक वाजवल्या. शांत आउट. तातडीचा आउट. केसभर चुकलेला आउट. बंद खोलीत एकच माणूस भिंतीभिंतीतून बोलत होता आणि तो माणूस खुर्चीवर बसून ऐकत होता. शेवटी त्याने प्रक्षेपणातली ती वादग्रस्त आरोळी वाजवली. आवाज तोच, पण घोगरा, आणि त्यात काहीतरी होते, संताप किंवा हसू, जे बाकी कशात नव्हते.

"ही आमच्याकडची नाही," हेडफोनराव म्हणाला.

पत्नी पांढरी पडली होती. मघापासूनचे सगळे आवाज तुमच्या वडिलांचेच म्हणत होतात ना, असे प्रमुखांनी तिला विचारले.

"ते सगळे बाबांचे आवाज आहेत," ती म्हणाली. "हे बाबा आहेत."

वरून धूळ पडत राहिली. सासऱ्यांनी पुन्हा बोट वर केले. मी पुन्हा ते खाली दाबले, कारण माझा युक्तिवाद सुरू होत होता.

तो मी विस्ताराने मांडला. मुका माणूस आरोळी ठोकू शकत नाही. आरोळी तर झाली. म्हणून ती मुक्या माणसाची नव्हे. आवाज मात्र त्याचाच. तो आवाज दुसरीकडे असलेले जगात एकच ठिकाण: यंत्र. यंत्राच्या साठ्यात ही आरोळी नाही, यावरून एवढेच सिद्ध होते, की यंत्राने ती स्वतः रचली. एका माणसाचा आवाज वर्षानुवर्षे रवंथ करून ते आता स्वतःच्या मनाने बोलू लागले आहे. प्रमुखांनी आपली खुर्ची लाउडस्पीकरपासून दूर सरकवली.

हेडफोनरावाचा चेहरा मात्र पडला. तो हळूच सांगू लागला, की रिकाम्या मैदानावर सकाळी चाचणी चालू असताना रेषेपलीकडे वाळके पान पडले, तरी यंत्र 'आउट' म्हणते. काही वेळा पानसुद्धा पडलेले नसते. म्हणून तो तिथे एकटा थांबत नाही. हे आधी का सांगितले नाही, असे संचालिकाबाईंनी विचारले. कोणी शंका घेतली नव्हती, असे तो म्हणाला. मग त्याने, कोणी न सांगता, लाउडस्पीकरची वायर उपटली.

माझ्या आयुष्यात एवढा निर्विवाद विजय मला परिसंवादांतही मिळालेला नाही. संचालिकाबाईंनी निवेदनावर काट मारली. ध्वनियंत्रणेत अनाकलनीय दोष आढळला, ज्येष्ठ रेषापंचांची क्षमा मागण्यात येत आहे, असे नवे वाक्य त्या लिहू लागल्या. दोन्ही खेळाडू वर ताटकळत होत्या. निकालाची दिशा बदलणार होती, बंदी उठणार होती, आणि पत्नी माझ्याकडे लग्नानंतर प्रथमच कौतुकाने पाहत होती. मी समारोपाकडे वळलो. समारोपाचे तीन भाग होते.

पहिल्या भागाच्या मध्यावर सासऱ्यांनी माझा हात आपल्या हातावरून उचलून बाजूला ठेवला आणि ते उभे राहिले. वायर उपटलेली होती. तरीही छतातून, भिंतीतून, खुर्च्यांखालून यावा तसा तो आवाज खोलीभर भरला, आणि हेडफोनराव दाराकडे पळाला. संचालिकाबाईंनी नवे वाक्य खोडून जुने निवेदन कायम केले आणि त्याखाली कबुलीजबाब लिहून घेतला. त्यात माझा उल्लेख असल्यामुळे तो शब्दशः देणे हे माझे विद्वत्तेचे कर्तव्य आहे:

"आउट मीच म्हणालो. चेंडू मला दिसलासुद्धा नाही, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एरवी फटक्याच्या आवाजावरून अंदाज करतो. पण ते वरचं माझ्या तोंडून बोलत होतं आणि मला वाटलं, एकदा तरी आपण त्याच्याआधी बोलावं. घाला बंदी, माझी तक्रार नाही. पोरीला माझा आवाज ऐकायला इथवर यावं लागतं, हे मला आज कळलं. आता घरीच ऐकेल. घसा बरा होऊन पुष्कळ दिवस झाले. मुद्दाम लपवलं नाही हो. जावईबापूंचं वाक्य संपलं की बोलू, म्हणून थांबलो होतो."