तीन पेनांची फवारणी

डाळिंबं परदेशी पाठवायची तर फवारणीची वही कशी ठेवावी, हे काकांना विचारावं! तारीख, औषध, प्रमाण, फवारणाऱ्याचं नाव, सगळं त्या त्या दिवशीच लिहायचं, नाहीतर तिकडचे लोक फळाला हात लावत नाहीत, असं ते अख्ख्या पंचक्रोशीला शिकवत. स्वतःची वही तेवढी कोरी राहिली होती.

तपासणीच्या आदल्या दुपारी काकांनी दार लावून घेतलं आणि वर्षभराच्या फवारण्या दोन तासांत उरकल्या. एकाच शाईनं संशय यायचा, म्हणून तीन पेनं घेतली. मधूनमधून चहाचे थेंब सांडले, एक पान चुरगळलं. वही अशी झकास जुनी दिसायला लागली की काकांना तिचा अभिमानच वाटला.

दुसऱ्या दिवशी तपासणीच्या मॅडम आल्या. पेट्या भरून तयार, संध्याकाळी गाडी येणार. दाखला मिळाला तर माल जहाजावर, नाहीतर रसवाल्याकडे कवडीमोलानं. मॅडमनी पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"सतरा तारखेला तुम्ही स्वतः फवारलंत?"

"स्वतः. सकाळी सात ते अकरा."

"त्या सकाळी तुम्ही आमच्या शिबिरात होतात. नोंदी खऱ्या ठेवा, यावर तासभर बोललात. आभार मीच मानले होते."

काका वहीची पानं पुढे-मागे चाळू लागले. वर्षाची मेहनत पाण्यात जाणार, असं त्यांना वाटलं. मेहनत कुणाची, ते पुढे कळलंच.

काकू आत गेल्या आणि स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यासकट घेऊन आल्या. गॅस कधी संपला, पाणी कधी आलं नाही, याच्या शेजारी प्रत्येक फवारणी बारीक अक्षरात लिहिलेली, औषधाच्या मापासकट. मॅडम मोठ्यानं वाचू लागल्या.

"नऊ तारीख. मास्क लावून फवारलं. हे झोपले." त्यांनी पान उलटलं. "सतरा. फवारणी नाही. हे भाषणाला. घरात शांतता."

शेवटची फवारणी काढणीच्या पुष्कळ आधीची, नियमात बसणारी. दुकानाच्या पावत्या जुळल्या, प्रयोगशाळेचा अहवालही चोख निघाला. काकांची वही मॅडमनी बाद केली, वर चार शब्द सुनावले. दाखला मिळाला, पण जी काम करते तिच्या, म्हणजे काकूंच्या नावावर. तरी काकांचा जीव भांड्यात पडला.

"मग यांना काय लिहू?" मॅडमनी विचारलं.

काकूंनी जरा विचार केला. "पाहुणे लिहा."

आणि पाहुण्यानं बागेत पाऊल टाकण्याआधी फाटकावरच्या वहीत नाव, वेळ नि येण्याचं कारण लिहायचं, असा नियमच आहे.

सकाळी काका स्वतःच्याच बागेच्या फाटकाशी वाकून उभे. कारणाच्या रकान्यात त्यांनी ऐटीत लिहिलं, 'मालकीणबाईंनी बोलावलं.' काकूंनी ते वाचलं, पेन मागून घेतलं आणि ओळ खोडली.

"खोटी नोंद चालायची नाही," म्हणाल्या, आणि खाली लिहिलं, 'आपणहून आले.'