काम नंबर सतराचा निरोप समारंभ

विहीर मोजणी खात्याचं वेब ॲप्लिकेशन शुक्रवारी दुपारी चार वाजता कायमचं बंद होणार होतं, म्हणून त्याच्या पडद्यामागची एकवीस कामं सव्वातीनलाच सर्व्हरच्या कपाटातून बाहेर आली आणि भंडाऱ्याच्या कार्यालयात बाकांवर बसली. बहुतेकांनी डबा आणला होता.

प्राची मिठबावकर ही खात्याची संगणक लिपिक. सहा वर्षं तिनेच ही कामं चालवली होती, त्यामुळे ती सगळ्यांना नंबराने ओळखत होती. एक काम विहिरींचे फोटो बारीक करायचं. एक विहिरींची खोली हातांच्या मापातून मीटरमध्ये करायचं. एक आटलेल्या विहिरींना स्मरणपत्रं पाठवायचं. लोक समोर बटण दाबून आपापल्या घरी जात आणि ही मंडळी मागे राबत. तक्रार कधी कुणाची नव्हती.

बंद कसं करायचं याचं परिपत्रक आलं होतं. आधी दार लावून घ्यायचं, म्हणजे नवं काम आत शिरणार नाही. मग ज्याने त्याने हातातलं काम उरकायचं. उरकलं नाही तर कुठवर आलंय ते वहीत लिहून ठेवायचं, सोमवारी नवं ॲप्लिकेशन ते पुढे नेईल. चारला प्राचीने बटण दाबायचं. यातून फक्त कर्मचाऱ्यांच्या बदल्या वगळल्या होत्या. नव्या ॲप्लिकेशनमध्ये बदल्यांची सोय तीन वर्षांनी होणार होती, त्यामुळे चारनंतर अर्धवट राहिलेली बदली रद्द.

बदल्या काम नंबर सतराकडे होत्या. त्याच्या हातात एकच अर्ज उरला होता, आणि तो प्राचीचा होता.

प्राचीचा नवरा आणि मुलगी देवगडला. मुलगी तिसरीत गेली होती. गेल्या महिन्यात ती फोनवर आईला ‘तुम्ही’ म्हणाली, पाहुण्यांना म्हणतात तसं, आणि प्राची फायलींच्या खोलीत जाऊन रडली. पण खात्याचा नियमच असा, की खुर्ची रिकामी टाकून कुणी जायचं नाही. बदल्यात कुणीतरी इथे यायला हवं. सहा वर्षं सतरा राज्यभर विचारत होतं. भंडाऱ्याचा मे महिना आठवला की लोक फोन ठेवून देत.

‘यादीत दोन नावं राहिलीत,’ सतरा म्हणालं. ‘अर्ध्या तासात विचारून होतील.’

तेवढ्यात टेंभुर्णे साहेब आले. ते कार्यालयाचे प्रमुख, मनाने चांगले. पण चार माणसं एका जागी बसलेली दिसली की त्यांना माईक आठवायचा.

‘असं कसं जी मॅडम?’ ते म्हणाले. ‘इतके वर्ष राबले बिचारे, अन् आपण बटन दाबून हाकलून द्यायचं? काही रीतभात?’

‘साहेब, सतराचं काम बाकी आहे.’

‘मग पयला सत्कार त्याचाच करू.’

पाच मिनिटांत बाकांसमोर स्टेज झालं, टेबलावर चादर आली, शाली आल्या. सतराला स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं. सत्कारमूर्तीने स्टेजवर फोन करणं बरं दिसत नाही, म्हणून त्याने यादी घडी करून मांडीवर ठेवली. प्राचीने समोरून घड्याळ दाखवलं. सतराने मान हलवली, पण उठता येईना. शाल अंगावर पडली होती.

साहेबांच्या नमनालाच घडाभर तेल गेलं. विहीर म्हणजे काय इथपासून त्यांनी सुरुवात केली. मग कामांनी दोन-दोन शब्द बोलावेत असं ठरलं. स्मरणपत्रं पाठवणाऱ्या कामाने सांगितलं, की अकरा वर्षांत एकाही विहिरीने उत्तर दिलं नाही, पण मनात कटुता नाही. टाळ्या झाल्या. ग्रुप फोटो काढला तो फोटो बारीक करणाऱ्या कामाने, त्यामुळे त्यात कुणीच ओळखू येईना.

पावणेचार वाजले. प्राचीचा जीव टांगणीला लागला होता, आणि तिला साहेबांचा मनापासून राग आला. सहा वर्षांत ती त्यांना एका शब्दाने बोलली नव्हती. आता तीन वर्षं म्हणजे मुलगी सहावीत. ती उठली, स्टेजवर गेली आणि साहेबांच्या हातातून माईक घेतला.

‘तर्री-पोह्यांची व्यवस्था खाली केली आहे,’ ती म्हणाली. ‘तर्री संपत आली आहे.’

कार्यालय रिकामं झालं. साहेब वाक्य अर्धवट टाकून गेले. स्टेजवर शाल पांघरलेलं सतरा एकटं उरलं, आणि त्याने यादी उघडली.

पहिल्या माणसाने भंडारा ऐकून फोन ठेवला. दुसरा मार्चमध्ये निवृत्त झाला होता. सतराने दोन्ही नावांवर काट मारली. आठ मिनिटं उरली होती. प्राची खुर्चीत बसली, आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की आता होणार नाही.

‘एक नाव आहे,’ सतरा म्हणालं. ‘अकरा वर्षं सलग सेवा. एकही रजा नाही. खात्याची शाल फक्त कर्मचाऱ्याला देता येते आणि ती त्याला मिळालेली आहे.’

‘भंडाऱ्याला यायला तयार आहे?’

‘ते इथेच आहे. चारनंतर मोकळंच आहे.’

प्राचीने नियम दोनदा वाचले. हरकत घ्यावी असं त्यांत काही नव्हतं. सतराने अर्जात आपलं नाव भरलं, आणि ती जिन्यावरून धावत खाली गेली.

टेंभुर्णे साहेबांनी एका हातात पोह्यांची प्लेट धरून अर्ज वाचला.

‘सतरा भाऊ दुपारी जेवायले घरी जाईन का?’

‘नाही साहेब. डबा आणतं.’

‘मग ठीक आहे,’ साहेब म्हणाले आणि सही केली. कोपऱ्यावर तर्रीचा थेंब पडला.

चारला प्राचीने पडद्यावर पाहिलं. चालू कामं शून्य, अर्धवट शून्य. वीस जण वहीत लिहून, हात धुऊन गेले होते. तिने बटण दाबलं. कपाटातला पंखा थांबला.

सतरा तिच्या खुर्चीत बसलं. ऊन कधी येतं, विचारलं. अडीचला, ती म्हणाली, खुर्ची भिंतीकडे सरकवायची. त्याने सरकवून पाहिली.

‘आणि वर्षाला आठ किरकोळ रजा असतात,’ प्राची म्हणाली. ‘त्या घेत जा.’

‘रजेत काय करायचं असतं?’

‘आपल्या माणसांकडे जायचं.’

सतराने कोरा कागद घेतला. त्यावर पहिलाच अर्ज केला: रजा एक दिवस, ठिकाण देवगड. ‘चालेल ना?’

‘एका दिवसात होणार नाही,’ प्राची म्हणाली. ‘निदान चार दिवस टाका.’

सतराने एकाचे चार केले. तो अर्ज मंजूर होईपर्यंत प्राची थांबली, त्यामुळे तिची साडेचारची नागपूरची गाडी चुकली. ती पाचच्या गाडीने गेली.