चौदा नंबरची खुंटी

"टोकनं? आत्या, टोकनं काय देतेस! मी हॅशिंग करणार आहे, हॅशिंग!"

मार्को यारोशने ही घोषणा केली तेव्हा स्टेफा आत्या कोपरापर्यंत पिठात होती. युक्रेनी चर्चच्या गायकवृंदाचं वार्षिक जेवण रविवारी दुपारी, माणसं दोनशे, बटाट्याचं सारण भरलेल्या पेरोगी दोन हजार. आणि कोटांची खोली सांभाळणाऱ्या बाईंचा गुडघा ऐन वेळी गेलेला, म्हणून ते काम मार्कोकडे आलेलं.

"हॅश-बिश असलं काही ओढायचं असेल तर हॉलच्या बाहेर," आत्या म्हणाली. "फादरांच्या नाकाला सगळं कळतं."

"ओढायचं नाही गं! ती एक पद्धत आहे. आम्हाला विद्यापीठात शिकवतात."

शिकवत होते हे खरं. प्रगत अल्गोरिदम आणि डेटा स्ट्रक्चर्स या विषयात मार्कोला सहामाहीत शंभरपैकी अडतीस मिळाले होते. पण आत्मविश्वासाची वेगळी परीक्षा असती तर पठ्ठ्या अख्ख्या विनिपेग शहरात पहिला आला असता! त्याला उन्हाळ्यात प्रोफेसर हॅना सावचुक यांच्या लॅबमध्ये काम हवं होतं. "लॅबमध्ये एक जागा आहे," त्या म्हणाल्या होत्या. "तुझ्यासाठी आहे असं मी म्हटलं नाही." आता या बाई दरवर्षी या जेवणाला यायच्या. म्हणजे संधी स्वतः कोट घालून दारात येणार होती!

मार्कोची योजना मोठी देखणी होती. एक कोट शोधायला दोनशे कोट चाचपायचे, हे अडाण्यांचं काम. आपण नावावरूनच थेट खुंटी काढायची! आडनावाची शेवटची तीन इंग्रजी अक्षरं घ्यायची. ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन, अशी बेरीज करायची, सव्वीसने भागायचं, उरेल तो खुंटीचा नंबर. खोलीत लांब दांड्याच्या खुंट्या बरोब्बर सव्वीस. एकेकीवर सात-आठ कोट. आठांतून आपला काढायला कितीसा वेळ?

बरं, त्याने आधी तपासून पाहिलं नाही असंही नाही. वर्गाची यादी घेतली. सिंग, ट्रॅन, ओकाफोर, त्रांब्ले... नावं अशी पसरली, जणू कोशिंबिरीवर मीठ भुरभुरलं!

रविवारी बाहेर तापमान उणे एकतीस होतं. पहिले आले शेवचुक.

"एच, यू, के... चाळीस. बाकी चौदा!" मार्कोने ऐटीत कोट चौदाव्या खुंटीला अडकवला.

मग आले कोवालचुक. चौदा. मेल्निचुक, सहकुटुंब. चौदा, चौदा, चौदा, आणि कडेवरच्या बाळाचा इवलासा चौदा. पंधरा मिनिटांत चौदाव्या खुंटीला अस्वल लोंबकळल्यासारखं दिसायला लागलं आणि बाकीच्या खुंट्या मोकळ्या हवा खात होत्या.

तेवढ्यात मिसेस पेट्रेन्को आल्या. मार्कोचा जीव भांड्यात पडला. चला, एक तरी वेगळं नाव! एन, के, ओ...

चाळीस.

त्याने पुन्हा बेरीज केली. चाळीसच. तिसऱ्यांदा बोटांवर केली.

"नाव सांगून पाच मिनिटं झाली," बाई म्हणाल्या. "माझा महागडा मिंक फरचा कोट आहे, शाळेचा गृहपाठ नाही!"

त्यांच्यामागे बोंडारेन्को, क्रावचेन्को आणि लिसेन्को शिस्तीत उभे होते.

आता मार्कोला पुस्तकातला पुढचा उपाय आठवला: जागा भरली की पुढची मोकळी जागा घ्यायची. पंधरावी भरली. सोळावी भरली. विसाव्या खुंटीपर्यंत कोणाचा कोट कुठे गेला हे फक्त देवाला माहीत होतं, आणि देव तेव्हा हॉलमध्ये प्रार्थना ऐकत होता.

"सावचुक," समोरून ओळखीचा कोरडा आवाज आला.

"चौदा," मार्को पुटपुटला.

"काय?"

"काही नाही, प्रोफेसर! सुस्वागतम!"

त्याने त्यांचा कोट अस्वलाच्या पाठीवर चढवला. कड्! खुंट्यांची फळीच भिंतीतून निखळली आणि दोनशे कोटांचा डोंगर मार्कोच्या अंगावर आला. बहुतेक सगळे काळे, सगळे लोकरी.

जेवण सुरू होऊन अर्धा तास झाला नसेल, तोच फादर वासिल कोवालचुक धावत आले. "हॉस्पिटलमध्ये बोलावलंय रे, लवकर! माझा काळा कोट!"

"फादर," डोंगराखालून मार्को म्हणाला, "हा सगळा मालच काळा आहे."

फादरांना थांबायला वेळ नव्हता. हाताला लागला तो कोट त्यांनी ओढला, खांद्यावर टाकला आणि गेले. तो नेमका एकुलता एक काळा नसलेला निघाला.

दहा मिनिटांनी मिसेस पेट्रेन्को आल्या आणि खोलीभर पाहून किंचाळल्या, "माझा मिंक कुठाय? गाडीची किल्ली आहे त्याच्या खिशात!"

"फादर घेऊन गेले," मार्को खरं तेच बोलला.

पहिल्या टेबलावर बातमी पोचली: फादर मिंक घेऊन पळाले! तिसऱ्या टेबलावर पोचेस्तोवर फादर मिसेस पेट्रेन्कोंना घेऊन पळाले होते. तिथे मिस्टर पेट्रेन्को जेवत होते. त्यांनी बातमी शांतपणे ऐकून घेतली आणि आणखी दोन पेरोगी वाढून घेतल्या.

एव्हाना प्रोफेसर सावचुक कोटांच्या खोलीत उभ्या होत्या.

"खुंटी कशी काढलीस?"

मार्कोने सांगितलं. त्याला अजूनही वाटत होतं की सांगण्यातून काही गुण मिळतील.

"एच, यू, के?"

"चाळीस."

"एन, के, ओ?"

"...चाळीस."

"युक्रेनी चर्चच्या जेवणाला 'चुक' आणि 'एन्को' येतील, हे तुला कधी कळलं?"

"पण वर्गाच्या यादीवर एकदम मस्त चाललं होतं!"

"वर्गाची यादी इथे जेवायला येणार होती?"

मार्कोला वाटलं, या ढिगाखाली पुन्हा शिरावं. तेवढ्यात स्टेफा आत्या पिठाळ हातांनी आत आली. तिने ढीग पाहिला, भाचा पाहिला, आणि चार धट्टेकट्टे गायक बोलावले. सगळे कोट उचलून नाचाच्या फरशीवर पसरले.

"उठा!" आत्या गरजली. "आपापला कोट उचला! दुसऱ्याचा घेतलात तर गोड मिळणार नाही!"

दोनशे माणसं तुटून पडली. सावचुकबाईंनी घड्याळ पाहिलं. "चार मिनिटं," त्या म्हणाल्या. "आत्यांना उन्हाळ्यात वेळ आहे का विचार. लॅबमध्ये एक जागा आहे."

फादर तासाभराने मिंक घालूनच परतले. तो काढून देताना जरा रेंगाळलेही. हॉस्पिटलातल्या एका आजींनी त्यांना बिशप समजून हाताचं चुंबन घेतलं होतं म्हणे!

एप्रिलमध्ये मार्को अंतिम परीक्षेला बसला आणि पाचवा प्रश्न वाचून त्याचे कान तापले. "एका हॉलमध्ये सव्वीस खुंट्या आणि दोनशे कोट आहेत. बहुतेक आडनावांचा शेवट 'चुक' किंवा 'एन्को' असा आहे. एका विद्यार्थ्याची योजना का फसली? दहा गुण."

आख्ख्या वर्गात प्रत्यक्ष पाहिलेला माणूस एकच! मार्कोने बाह्या सरसावल्या आणि तीन पानं भरून लिहिलं. अस्वल, फळी, मिंक, काही सोडलं नाही. शेवटी निष्कर्षाला दुहेरी रेघ मारली: योजना निर्दोष होती, दोष आडनावांचा.

दहापैकी चार मिळाले. समासात लाल शाईत एकच ओळ होती: "आम्ही आडनावं बदलणार नाही. — सावचुक."