पाईच्या कपाटातला समुद्र

"टाकी विकत आणायला डोकं लागत नाही. घरच्या घरी करायला लागतं!" व्हर्लिनने सकाळच्या कॉफीबरोबर जाहीर केलं. आर्डिसने मुकाट्याने त्याच्या कपाखाली बशी सरकवली. नवऱ्याच्या डोक्याचा विषय निघाला की काहीतरी सांडतं, हा तिचा संसारभराचा अनुभव होता.

टाकी हवी होती समुद्रघोड्यांसाठी. अमेरिकेच्या मधोमध, मिनेसोटातल्या या गावाला समुद्र दोन्हीकडून सारखाच लांब. पण त्यांची नऊ वर्षांची नात सिग्ने समुद्रघोड्यांनी झपाटली होती, आणि शहरातल्या तिच्या घरमालकाला माशांचं वावडं होतं. शेवटी तिची आई कारी फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्याकडे नीट टाकी झाली तर घोडे तिथे ठेवू. मग दर शनिवारी आम्ही येऊ. पण टाकी सिग्ने पास करेल तरच हं!"

दर शनिवारी! एरवी नात दिसायची ती थँक्सगिव्हिंगच्या सणाला आणि नाताळात, तीही निम्मा वेळ झोपलेली. व्हर्लिन त्या दिवसापासून शिट्टी वाजवत फिरू लागला.

आता समुद्रघोड्याचं कसं असतं, सांगतो. इतर मासे आडवे पोहतात, हा उभा. म्हणून त्याला लांब नव्हे, उंच टाकी लागते. शेपूट सरळ करून मोजलं तर त्याच्या तिप्पट तरी उंच. पोहण्यात तो अगदी कच्चा. पाणी संथ हवं आणि शेपटीने धरून राहायला काहीतरी हवं, नाहीतर बिचारा वाहत जातो. हे सगळं सिग्नेने आजोबांना समजावलं होतं. आजोबांच्या लक्षात राहिलं "उंच" आणि "धरायला काहीतरी".

आणि शेजारच्या डेल्मरच्या गॅरेजात व्हर्लिनला नेमकं तेच दिसलं! गावातलं लॉइसचं खानावळवजा हॉटेल उन्हाळ्यात बंद झालं, तेव्हा तिथलं पाई, म्हणजे फळं भरून भट्टीत भाजलेले गोड पदार्थ, ठेवायचं काचेचं कपाट डेल्मरने उचलून आणलं होतं. माणसाच्या छातीएवढं उंच, वर दिवा, मधोमध दांडा आणि त्यावर बटण दाबलं की गोल फिरणारे कप्पे.

"कप्पे काढले की राहिला दांडा! घोड्यांनी खुशाल शेपटी गुंडाळावी!" व्हर्लिन म्हणाला.

"मी वीस वर्षं लॉइसकडे त्यात माझ्या पाई ठेवल्यात," आर्डिस म्हणाली. "एकदासुद्धा पाणी भरलं नाही."

"फटींना सिलिकॉन लावलंय."

"किती?"

"नळीत होतं तेवढं!"

घरात जागा होती ती फक्त पुढच्या खिडकीजवळ. तिथे कपाट ठेवून त्याने पाणी भरलं, मीठ कालवलं, आणि शनिवारी सकाळी, सिग्ने येण्याच्या आधी, ऐटीत दिवा लावला.

इथेच घात झाला. लॉइसची पद्धत अशी, की भट्टीतून पाई निघाली की खिडकीतल्या कपाटाचा दिवा लावायचा. दिवा दिसला की गाव यायचं. हॉटेल बंद झाल्यापासून आर्डिसच्या हातची पाई कुणाच्या तोंडाला लागली नव्हती.

पहिला डेल्मर आला. दाराशी बूट काढून मोज्यांनिशी आत आला.

"गारठा आहे जरा."

"आहे खरा."

डेल्मर बसला. मग पाद्रीबाबा आले, मग पोस्टातली बाई, मग चर्चमधले निम्मे गायक. सगळे बूट काढून बसले. गारठ्यावर सगळ्यांचं एकमत झालं.

व्हर्लिनला वाटलं, टाकीची कीर्ती पसरली! "कशी वाटते?" त्याने विचारलं.

डेल्मरने पाण्याने भरलेल्या, पाई नसलेल्या कपाटाकडे बराच वेळ पाहिलं. "वेगळंच आहे," तो म्हणाला. या गावात "वेगळं" म्हणजे वाईटाची शेवटची पायरी. व्हर्लिन तडक स्वयंपाकघरात गेला.

"ही माणसं आली कशाला?"

"विचार ना त्यांना!"

"असं तोंडावर कसं विचारणार?"

"मग मी तरी कसं विचारू?"

तिच्याकडे रुबार्बच्या आंबट देठांची एकच पाई होती, सिग्नेसाठी केलेली. तिने ती कापली. "घेणार का एक तुकडा?"

"छे छे, नको."

"घ्या हो."

"उगीच कशाला त्रास!"

"घ्याच!"

"बरं, अगदी एवढासा." असं प्रत्येकाचं तीन तीनदा झालं. काटे कमी पडले. पाद्रीबाबांनी चहाच्या चमच्यावर भागवलं आणि बशी घेऊन मागे टेकले, ते थेट कपाटाच्या बटणावर.

दांडा फिरू लागला. पाणी फिरू लागलं. सिलिकॉनने हळूच जागा सोडली आणि एक बारीक धार गालिच्यावर आली.

यजमानाच्या घरात पाणी झालं हे सांगायचं कसं?

"फरशी जरा गार आहे का?" पोस्टातली बाई म्हणाली.

"माझे मोजेच पातळ आहेत," डेल्मर म्हणाला आणि त्याने पाय सोफ्यावर घेतले.

तेवढ्यात पुढची काच निसटली! अख्खा समुद्र दाराकडे धावला, आणि दार उघडलं. उंबऱ्यात कारी आणि सिग्ने. बूट काढायची सोय उरली नव्हती.

आर्डिसने आधी प्लग उपटला. सिग्ने पचपच करत कपाटाशी गेली. "आजोबा, कडा लोखंडी आहेत. खाऱ्या पाण्यात गंजल्या असत्या, घोडे आजारी पडले असते. आणि पाणी फिरत होतं का?"

"थोडंसं," व्हर्लिन म्हणाला.

"चांगलं गरगर फिरत होतं," सोफ्यावरून डेल्मर म्हणाला.

"म्हणजे नापास," व्हर्लिन पुटपुटला. त्याने नातीकडे पाहिलं नाही. मोजा पिळायला घेतला.

"नापासच," सिग्ने म्हणाली. मग तिने वाकून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "पण उंची बरोबर होती! आपण दुकानातून खरी टाकी आणू. घोडे मात्र लगेच सोडायचे नाहीत. पाणी तयार व्हायला खूप आठवडे लागतात, आणि दर आठवड्याला तपासावं लागतं. तुम्हाला एकट्याला नाही जमणार."

"म्हणजे शनिवारी?" कारीने विचारलं.

"शनिवारीच!"

बर्फ वितळलं तेव्हा त्याच खिडकीत उंच, चांगली टाकी उभी होती. प्लास्टिकच्या शेवाळाला शेपटी गुंडाळून दोन पिवळे घोडे ताठ मानेने बाहेर बघत होते. व्हर्लिनने ऐटीत दिवा लावला.

डेल्मर आला. बूट काढले. मागोमाग पाद्रीबाबा, पोस्टातली बाई, गायक. सगळ्यांनी घोड्यांकडे मन लावून पाहिलं, आणि सगळे बसले.

"आजोबा, हे लोक घोडे बघायला आले ना?" सिग्नेने कानात विचारलं.

"मग काय तर!" व्हर्लिन छाती फुगवून म्हणाला.

"मग सगळ्यांच्या खिशात काटे का आहेत?"

गेल्या खेपेला आर्डिसचे काटे कमी पडले होते. तिची अडचण नको, म्हणून ज्याने त्याने आपापला आणला होता. डेल्मरने तर कोरडे मोजेही आणले होते.