थकीत बाबलकाका

आमचे बाबलकाका गॅस सिलिंडरची नोंदणीसुद्धा गाऱ्हाणं घालून करतात. फोनमधली बाई "मराठीसाठी दोन दाबा" म्हणते न म्हणते तोच काका घसा साफ करून सुरू होतात, "बा म्हाराजा, आज सकाळी चायचा आधण उकळता उकळता गॅस संपलो आसा…" बाई पुन्हा म्हणते, दोन दाबा. काका माझ्याकडे बघतात. "ऐकता ती. मधीमधी बोलता, पण ऐकता."

दोष त्यांचा नाही. गावच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचा, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचा मान काकांचा. ते एकेक मागणं सांगतात आणि मागे उभे असलेले आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणतो. एवढी वर्षं देव निमूट ऐकून घेतो म्हटल्यावर, सगळ्या जगाशी असंच बोलायचं असतं, असं माणसाला वाटणारच. मी त्यांना एकदा कुडाळच्या एसटीला गाऱ्हाणं घालताना पाहिलंय. एसटी आलीही. उशिरा आली, पण आली.

तर हे काका कसालच्या बाजारात हप्त्यावर फ्रीज घ्यायला गेले. दुकानदाराने संगणकात नाव घातलं आणि म्हणाला, "काका, तुमच्या नावावर होडीचं कर्ज थकीत दाखवतंय. हप्त्यावर नाही मिळणार."

होडी काकांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची, भालग्याची. बँकेचं कर्जही दोघांच्या नावावर. वादळाच्या आदल्या संध्याकाळी होडी वर ओढायला भालगा येईल म्हणून काका थांबले, आणि काका येतील म्हणून भालगा. सकाळी किनाऱ्यावर फळ्या होत्या. पुढे बँकेने उरलेलं कर्ज माफ केलं, 'येणे बाकी नाही' असा दाखला दिला. काकांनी तो लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी टांगला. भालगा मात्र तळेऱ्याच्या नाक्यावर चहाचं हॉटेल टाकून बसला. दोघे भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत.

फ्रीज न घेता काका थेट माझ्याकडे आले. माझ्या घरी प्रिंटर आहे, म्हणून गावात मी जाणकार समजला जातो. आम्ही क्रेडिट रिपोर्ट काढला. दुकानदार म्हणाला ते खरं होतं. कर्ज माफ झाल्याचा पत्ताच नव्हता. 'थकीत.'

"काकानू, फ्रीज रोखीन घ्या. माशांक बर्फ आसाच."

"फ्रीज गेलो खड्ड्यात! थकबाकीदारान देवाफुडे उभ्या रवान गावाचा मागणा मागूचा? देव म्हणात, पयला तुझा काय ता सांग. ह्यो 'थकीत' शबूद जायपर्यंत मी देवळात तोंड उघडूचंय नाय."

आणि खरंच उघडलं नाही. पुढच्या सणाला गावाने मला उभं केलं. जाणकार ना! मी "आदरणीय देवा" अशी सुरुवात केली आणि शेवटी "धन्यवाद" म्हणालो. 'व्हय म्हाराजा' नेमकं कुठे म्हणायचं ते कुणाला कळेना. एका म्हातारीने देवाला परस्पर सांगितलं, "तेचा मनार घेव नको."

मग तक्रारीच्या मागे लागणं मलाच भाग पडलं. संकेतस्थळावर 'तुमची हरकत थोडक्यात लिहा' अशी एक चौकट होती. काका सांगू लागले, मी टंकू लागलो. चौकट भरली तेव्हा काका अजून वेशीवरच्या देवांना हाका मारत होते. ते पाणी प्यायला आत गेले तेवढ्यात मी सगळं पुसलं. 'कर्ज माफ झाले आहे, दाखला सोबत जोडला आहे' एवढंच लिहून पाठवलं. थोड्या दिवसांनी उत्तर आलं, बँकेने दुजोरा दिलेला नाही.

म्हणून मालवणला बँकेच्या शाखेत गेलो. दारात काका माझ्या कानात म्हणाले, "हय शुद्ध बोलाचा हां." काउंटरपर्यंत ते शुद्धच बोलले. "मॅडम, नमस्कार, आमचे एक काम होते." मॅडम घाटावरच्या, नव्या. त्यांनी "बोला काका" म्हटलं मात्र, काकांनी लॅमिनेट केलेला दाखला दोन्ही हातांनी वर धरला. "बा म्हाराजा! ह्या तुझ्या बँकेन जा कर्ज माफ केलेला आसा…"

"व्हय म्हाराजा!" रांगेतून आवाज आला. सवयच ती. दुसऱ्या मागण्याला पासबुक भरायला आलेल्या बायका सामील झाल्या, तिसऱ्याला बँकेचा शिपाई. मॅडमना वाटलं मोर्चा आला. त्या उभ्याच राहिल्या. मग दाखला वाचून, संगणकात बघून ओशाळून म्हणाल्या, "आमच्याकडूनच कळवायचं राहून गेलंय, काका. दुरुस्ती पाठवते."

पुढच्या महिन्यात रिपोर्ट बदलला. खातं बंद, बाकी शून्य. मी कागद छापून काकांच्या हातात दिला आणि सुटलो असं समजून म्हणालो, "चला, आता देवळात उभे रवा."

काकांनी कागद वाचला. उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली.

"आणि भालगो?"

"तेचो रिपोर्ट वेगळो. तक्रार तुमच्या नावान केली, तुमचा साफ झाला."

"होडी दोघांची, कर्ज दोघांचा. तेका थकबाकीदार ठेवन मी एकटो साव म्हणान उभो रवू? तेचा पण कर."

"तेच्या मोबाईलार ओटीपी येतलो. तो तेनी सांगाक व्हयो."

काका ओटीवर बसले. देवापासून गॅसवाल्या बाईपर्यंत कुणापुढेही न अडलेला माणूस फोन मांडीवर घेऊन म्हणाला, "काय म्हणू रे तेका?"

मी भालग्याचं नाव संगणकात घातलं. काकांनी नंबर लावला. तो त्यांना पाठ होता. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू.

"हां," पलीकडून आलं. मागे ट्रकचे हॉर्न.

"मी."

"हां."

"तुझ्या फोनार आकडे येतले. माका सांग."

हल्ली असा फोन आला तर मी सख्ख्या बायकोलाही आधी शंभर प्रश्न विचारीन. भालग्याने एकही विचारला नाही. मी बटण दाबलं, ओटीपी गेला. मग त्याने एकेक आकडा सावकाश, मोठ्याने वाचला. मी टंकला. तक्रार दाखल झाली.

काका फोन ठेवेनात. तोही ठेवेना.

"दादा," भालगा म्हणाला, "आणखी आकडे व्हये?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली.

"व्हये आसत," काका म्हणाले. "फोन ठेव नको."